विचारा बाईंना : आठवीनंतर पोरीची शाळा

(मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. शाळा उघडायच्या तोंडावर आलेली चार पत्रं या अंकात थोडक्यात दिली आहेत. नावं-गावं गाळली आहेत.)

प्रश्न : बाई, आमची मोठी मुलगी आठवी पास झाली. गावातली जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंतच आहे. नववीसाठी सहा किलोमीटरवरच्या गावी जावं लागतं. सासूबाई म्हणतात, पोरगी शहाणी झाली, आता रस्त्यानं एकटी पाठवायची नाही. चुलत दीर सगळ्यांसमोर म्हणाले, "अमक्याच्या पोरीचं काय झालं ते पाहिलं ना?" मालक नुसतं 'बघू' म्हणतात. धाकटा मुलगा तालुक्याच्या इंग्रजी शाळेत व्हॅननं जातो, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पोरगी हुशार आहे, रोज रडते. घरच्यांना शिक्षणाचं महत्त्व कसं पटवून देऊ?
— एक आई, परभणी जिल्हा

उत्तर : ताई, महत्त्व पटवून द्यायच्या भानगडीत पडूच नका. ते तुमच्या घराला पटलेलंच आहे, नाहीतर धाकट्याच्या व्हॅनचे पैसे दर महिन्याला गेले नसते. घराला भीती आहे ती सहा किलोमीटरच्या रस्त्याची, आणि त्या रस्त्यावरून उठणाऱ्या गावाच्या बोलण्याची. त्यावर सावित्रीबाईंच्या नावाचं भाषण लागू पडत नाही. ३ जानेवारीला फोटोला हार घालून माइकवर तासभर बोलणारे आणि स्वतःच्या पोरीला नववीला न पाठवणारे कारभारी मी पुष्कळ पाहिलेत. बोलण्यात कुणी कमी पडत नाही.

तेव्हा आधी रस्त्याचं बघू. तुमच्या पोरीला एसटीचा पास फुकट मिळतो. पाचवी ते बारावीच्या मुलींसाठी अहिल्याबाई होळकरांच्या नावानं ती सवलत आहे. शाळेतून बोनाफाईड घ्यायचं आणि आगारात पास काढायचा. तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमात असेल (राज्यातले १२५ तालुके त्यात आहेत), तर खास मुलींसाठी निळ्या गाड्या सोडलेल्या असतात. याच कार्यक्रमात सायकलही मिळते, पण ती शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतल्या मुलींना. तुम्ही सहावर आहात, म्हणून सायकलीच्या मागे वेळ घालवू नका, गाडीच्या मागे लागा. गाडी तुमच्या फाट्यावर थांबत नसेल, किंवा शाळा सुटल्यावर दीड तासानं येत असेल, तर मुख्याध्यापकांचं पत्र आणि ग्रामसभेचा ठराव असे दोन कागद घेऊन आगारप्रमुखांकडे जा. एकट्या जाऊ नका, पाच-सहा आयांनी मिळून जा. एकट्या बाईला "साहेब मीटिंगला गेलेत" असं सांगून वाटेला लावतात. पाच बायका बाकावर बसून राहिल्या की साहेब मीटिंगमधून लवकर येतात.

त्या पाच-सहा आया शोधणं हे खरं काम आहे. तुमच्या गावातून नववीला जाणारी पोरगी एकच असेल तर सासूबाईंच्या भीतीला मी चूक म्हणणार नाही. चार जणी एका गाडीत चढल्या, एका गाडीतून उतरल्या, तर बोलणाऱ्याची जीभही जरा आवरते.

आता सासूबाई. आमच्या शाळेत संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान आम्ही हळदीकुंकू ठेवायचो. विद्यार्थिनींच्या आयांना बोलवायचो आणि आज्यांना मुद्दाम बोलवायचो. विधवा बायांनाही तिळगूळ आणि वाण सारखंच द्यायचं, हे आम्ही ठरवून टाकलं होतं. त्यावरून पहिल्या वर्षी थोडी कुरकुर झाली, पुढे कुणी काही बोललं नाही. वाण म्हणून दोनशे पानी वही. तर त्या दिवशी एक आजी आल्या, पदर कमरेला खोचलेला, वर्गात डोकावल्याही नाहीत, सरळ मागच्या अंगाला मुलींच्या संडासाकडे गेल्या. दार लावून पाहिलं. आतून कडी लागते का ते पाहिलं. नळाला पाणी आहे का ते पाहिलं. मग बाहेर येऊन मला म्हणाल्या, "कडी ढिली हाय बाई, धक्का मारला की उघडती." त्याच आठवड्यात सुताराला बोलावून नवी कडी बसवली. त्यांची नात पुढे आमच्याकडून दहावी झाली. वर्षाचे किती दिवस पोरी त्या ढिल्या कडीपायी घरी राहत असतील, हे आमच्या एकाही शाळा तपासणीत कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या सासूबाईंना त्या शाळेत घेऊन जा. फाटा, गाडी, वर्ग, संडास, बाई कोण, घंटा किती वाजता होते, सगळं त्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघू द्या. बाहेरून नुसता नकार देणाऱ्या माणसाला तपासणीचं काम दिलं की तो निम्मा तुमच्या बाजूला येतो.

चुलत दिरांचं म्हणाल तर प्रत्येक गावात अशी एक 'अमक्याची पोरगी' असते, आणि तिचं नाव घेऊन वीस पोरींची शाळा बंद करता येते. गावातला एखादा मुलगा पळून गेला म्हणून मुलांची शाळा बंद झाली, असं मात्र माझ्या सबंध नोकरीत कानावर आलं नाही. हे त्यांना ऐकवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. भावकीत वाद घालून पोरीचं भलं झालेलं मी फारसं पाहिलं नाही.

मालकांच्या 'बघू'ला मात्र मी सगळ्यात जास्त घाबरते. शिक्षण हक्काचा कायदा चौदाव्या वर्षापर्यंतचा, आठवीपर्यंतचा. तोवर पोरगी आठ दिवस आली नाही तर गुरुजी घरी चौकशीला येतात. नववीला नाव घातलं नाही म्हणून कुणी दार वाजवायला येणार नाही. जून जाईल, जुलै जाईल, पेरणीची गडबड येईल आणि पोरगी घरी बसलेली असेल. तिची शाळा बंद करायची असं घरात कुणी म्हटलेलंही नसेल. म्हणून 'बघू' चालू असतानाच शाळा सोडल्याचा दाखला काढा. पालक म्हणून आईची सही चालते. दाखला नव्या शाळेत जमा करा, नाव घाला. नाव घातलेल्या पोरीला काढायचं तर कुणाला तरी उठून शाळेत जावं लागतं, आणि तेवढं उठायचा घरच्या पुरुषांना कंटाळा असतो. या कंटाळ्याचा उपयोग करून घ्या.

नाव घातलं म्हणजे सुटलो, असंही नाही. माझ्या नोकरीत मी पोरी गळताना पाहिल्या त्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे हजेरीपटात. ऑक्टोबरात सोयाबीन काढायला चार दिवस. दिवाळीनंतर कापूस वेचायला आठवड्यातून दोन दिवस, कारण वेचणी किलोवर असते आणि घरचा हात फुकट. दर महिन्याचे बाजूला बसायचे दिवस. मग मोठी बहीण बाळंतपणाला माहेरी आली की महिनाभर धाकटीच्या हाती शेक-शेगडी आणि बाळाची दुपटी. जानेवारीत अशी पोरगी वर्गात आली की गणित तिच्या डोक्यावरून गेलेलं असतं. सर हसतात, ती मागच्या बाकावर सरकते, आणि मार्चमध्ये स्वतःच म्हणते, "मला नाही जमत, मी घरीच राहते." घरचे सांगतात, तिलाच आवड नव्हती.

म्हणून ताई, तुमच्या हातात आहे तेवढं तुम्ही करा. ती कोणत्या दिवशी घरी राहणार नाही हे आत्ताच ठरवा. वेचणीला रविवार. सकाळचं पाणी धाकट्यानं भरायचं, व्हॅन यायच्या आधी. त्यानं हंडा उचलला म्हणून काही बिघडत नाही. आठवीत तिनं एनएमएमएसची, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीची, परीक्षा दिली असेल आणि निवड झाली असेल, तर नववी ते बारावी दर वर्षी १२ हजार रुपये तिच्या खात्यावर येतील. शाळा सुटली की ते बंद. हा हिशोब मालकांना एकदा शांतपणे सांगा, जेवण झाल्यावर.

प्रश्न : बाई, आम्ही दोघं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो, पाडव्याच्या आगेमागे परत येतो. मोठी पोरगी तेरा वर्षांची, आठवीत जाईल. गेल्या साली सोबत नेली तर कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) धाकट्याला सांभाळण्यात आणि भाकरी थापण्यात सीझन गेला. या साली आईकडे ठेवावी तर आई थकलेली, आणि वस्तीवर रिकामटेकडी पोरं. नणंद म्हणते, लग्न लावून टाका, एक कोयता वाढेल, काळजीही मिटेल. आम्हाला शिकवायचंय, पण ठेवायची कुठं?
— एक ऊसतोड कामगार, बीड जिल्हा

उत्तर : तुमचा प्रश्न नीट विचारलेला आहे : ठेवायची कुठं. तुमच्या भागातल्या लोकांना शिक्षणाची किंमत नाही असं म्हणणाऱ्या वाचकांनी हे पत्र दोनदा वाचावं.

शहरातल्या वाचकांसाठी एवढं सांगते. तोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात आणि मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीवर. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. पोरीचं लग्न लागलं की नवी जोडी तयार होते, तिला नवी उचल मिळते, आणि पुष्कळदा लग्नाचा खर्चही उचलीतूनच झालेला असतो. म्हणजे पंधरा वर्षांची पोरगी स्वतःच्या मांडवाचं कर्ज फेडायला फडात उतरते. नणंदेला काळजी मिटेल असं वाटतं. काळजी मिटत नाही, ती पोरीच्या पदरात जाते.

आता जागा. पहिली, गावातलं हंगामी वसतिगृह. त्यासाठी शाळा स्थलांतर करणाऱ्या घरांची यादी करते, तर त्या यादीत नाव दिवाळीआधी असलं पाहिजे, गाडी भरायच्या दिवशी नव्हे. पण नीट विचारून घ्या : काही गावांत हंगामी वसतिगृह म्हणजे दोन वेळचं जेवण, आणि झोपायला पोरं आपापल्या आजीकडे. तुमची अडचण रात्रीची आहे, जेवणाची नाही, तेव्हा तशी सोय तुमच्या कामाची नाही. दुसरी जागा, ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठीची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं. मुलींचं वेगळं असतं. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. तिसरी, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, मागास तालुक्यांतल्या मुलींसाठी निवासी, २००४ पासून चालू असलेली योजना. तुमच्या तालुक्यात किंवा शेजारच्या तालुक्यात आहे का, ते गटशिक्षण कार्यालयात कळेल. या दोन्हींचे अर्ज आत्ता, जूनमध्ये करायचे. दिवाळीत जागा भरलेल्या असतात.

अर्ज करण्याआधी दोघांनी जाऊन पाहून या. वॉर्डन बाई रात्री तिथेच मुक्कामी असतात का? हे कार्यालयात विचारू नका, तिथल्या पोरींना विचारा. रात्री दाराला कुलूप कोण लावतं? पोरीला आठवड्यातून एकदा तुमच्या फोनवर बोलू देतात का? आजारी पडली तर कुणाला कळवणार? तुमचा फोन फडात लागत नसेल तर टोळीतल्या आणखी एकाचा नंबर लिहून द्या. आणि यातलं काहीच जमलं नाही, पोरीला सोबत न्यावंच लागलं, तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्या. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवलं की तिला बसू देतात आणि परत आल्यावर इथं तिचं वर्ष बुडत नाही. मात्र मग कोपीवरच्या धाकट्याला सांभाळायला दुसरी सोय बघावी लागेल. नाहीतर पत्रक पेटीत राहील आणि पोरगी चुलीपाशी.

प्रश्न : मी पुण्याला कंपनीत कामाला आहे. बहीण सोळा वर्षांची, दहावीला ७८ टक्के पडले. ती मोबाईलवर वर्गातल्या एका मुलाशी बोलताना सापडली. वडिलांनी अकरावीचा प्रवेश थांबवला आणि स्थळ पक्कं करत आणलं. मुलाकडचे म्हणतात, लग्नानंतर आम्हीच शिकवू, हुंडाही फार नको. तुळशीचं लग्न झालं की उरकायचं म्हणतात. वडिलांविरुद्ध तक्रार करावी का? घर तुटेल अशी भीती वाटते.
— एक भाऊ, जालना जिल्हा

उत्तर : अरे, तक्रारीची पायरी शेवटची, पण ती आहे हे मनात पक्कं धर, म्हणजे आधीच्या पायऱ्या चढताना पाय लटपटणार नाहीत.

तुझ्या वडिलांचा हिशोब मला कळतो. पोरगी जितकी शिकेल तितका शिकलेला जावई लागतो, आणि शिकलेल्या मुलाचा भाव चढा. मुलगी सोळाची असताना 'फार नको' म्हणणारे लोक ती बावीसची झाली की आकडा सांगतात. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, तरी हे असंच चालू आहे. त्यात मोबाईल सापडला, म्हणजे घाईला कारण मिळालं. ज्या मुलाशी ती बोलत होती तो मात्र अकरावीचा फॉर्म भरून मोकळा झाला असेल. घरी गेलास की बहिणीशी बोल. काय झालं होतं, कुणी त्रास देतं का, तिला पुढे काय करायचंय, हे तिला अजून कुणी विचारलेलं नसणार.

तू एकटा वडिलांसमोर उभा राहू नकोस, मामाला गाठ. नवरीला मांडवात आणायचं मामानं, अंतरपाटाआड तिच्या पाठीशी उभं राहायचं मामानं. "पोरगी अठराची होईपर्यंत मी उभा राहणार नाही," असं मामा म्हणाला तर आपल्याकडे तारीख धरणं अवघड जातं. मामाचंही ऐकलं नाही, तर मुलाकडच्यांना त्यांच्या ओळखीच्या माणसाकडून निरोप जाऊ दे : २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात नवरा मुलगा अठराच्या पुढचा असेल तर तोही आरोपी होतो, लग्न लावणारे आणि दोन्हीकडचे वडीलधारेही होतात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. नोकरीवाला मुलगा असेल तर निरोप पोचतो त्याच दिवशी सोयरीक थंडावते. सगळ्यात लवकर काम होतं ते इथे. भाषण लागत नाही.

तेही झालं नाही, तर गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक (हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). त्यांना लेखी कळव, किंवा मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ नंबरवर फोन कर. सांगणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. न्यायदंडाधिकारी लग्न थांबवायचा आदेश देऊ शकतात, आणि तो मोडून लावलेलं लग्न कायद्यानं लग्नच धरलं जात नाही. फोन मात्र मांडव पडायच्या आधी कर. हळदीच्या दिवशी पोलीस दारात आले तर वडील ते आयुष्यभर विसरणार नाहीत. महिनाभर आधी ग्रामसेवक चहाला येऊन दोन शब्द बोलले तर तो घरातल्या घरात मिटणारा विषय राहतो.

तुझं घर काही वेगळं नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयाच्या बायकांना लग्न केव्हा झालं ते विचारलं, तर राज्यात शंभरात बावीसजणींचं अठराच्या आत झालेलं. बीडमध्ये ते शंभरात ४४ च्या घरात, परभणीत ४८. तुझ्या शेजारचेच जिल्हे.

'लग्नानंतर शिकवू'वर विश्वास ठेवू नकोस. ते म्हणणारी माणसं खोटी असतात असं नाही. पहिल्या पाडव्याला सून घरी असते आणि दुसऱ्याला तिच्या कडेवर मूल असतं, मग कॉलेजचं नाव कोण काढणार? वडिलांना दुसरा हिशोब सांग. बारावीनंतर नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग असा व्यावसायिक अभ्यासक्रम सरकारी कोट्यातून मिळाला, तर उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना २०२४ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. इतर मागास आणि आर्थिकदृष्ट्या मागास मुलींनाही ते लागू आहे. आणि अकरावीचा प्रवेश या आठवड्यात तूच भर. पुण्यातून मोबाईलवर भरता येतो. तो मोबाईल या घरात निदान एका कामाला येऊ दे.

प्रश्न : बाई, मी दहावीत गणितात आणि इंग्रजीत नापास झाले. आई म्हणते, आता घरीच शिवणकाम शिक. भाऊ दोन वर्षांपूर्वी नापास झाला होता तेव्हा त्याला परत बसवलं होतं. माझी शाळा संपली का?
— एक मुलगी, हिंगोली जिल्हा

उत्तर : नाही गं, संपली नाही. दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो आणि ते दोन विषय नंतर सोडवता येतात. त्याआधी पावसाळ्याच्या सुरुवातीला पुरवणी परीक्षा होते. तिचा फॉर्म शाळेतूनच भरायचा असतो आणि मुदत थोडी असते, म्हणून हा अंक हातात पडेल त्या दिवशीच शाळेत जा. क्लार्क "उद्या ये" म्हणाले तर तिथेच थांब. घरच्यांनी यंदा नाहीच बसू दिलं, तरी पुढे शाळेतूनच परत फॉर्म भरून राहिलेल्या विषयांना बसता येतं. माझ्या ओळखीच्या एका बाईनं मुलगी नववीत असताना दहावीचा फॉर्म भरला आणि मायलेकी एकाच कंदिलाखाली बसायच्या. पण तू तितकी थांबू नकोस.

गणितासाठी मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळव आणि फक्त एक-दोन मार्कांचे प्रश्न आधी पक्के कर. इंग्रजीत पत्र आणि उताऱ्यावरचे प्रश्न रोज एकेक लिहून काढ. शिवणकाम शिकायला हरकत नाही, दुपारी शिक. सकाळचे दोन तास मात्र पुस्तकाचे आहेत, हे आईला आजच सांगून टाक. भावाची जुनी गाईडं घरातच कुठेतरी पडली असतील, ती शोध. अभ्यासक्रम तोच असेल तर नवी घ्यायचा खर्च वाचेल.